आधी मोठी, मग छोटी

अंक काढणारी मंडळी दोनदा येऊन गेली. "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा," म्हणाली. गमती झाल्या, नाही असं नाही. पण तीस-बत्तीस वर्षं लोकांना "हनुवटी थोडी वर" सांगता सांगता माझीच मान आता खाली गेलीय, आणि गमती आठवायला बसलो की त्यांच्या मागून एक बाई येऊन उभी राहते. तिला ओलांडून पुढं जाता येत नाही. म्हणून तिच्याबद्दलच लिहितो. त्याआधी धंदा थोडा समजावून सांगावा लागेल, कारण माझ्या हातून जे झालं ते धंद्यातलं आहे, आणि बाहेरच्या माणसाला त्यात चूक कुठं झाली हेच कळायचं नाही.

वडवणीत एसटी स्टँडसमोर माझा स्टुडिओ. नव्वदचं दशक सरत आलं तसं सगळीकडं नव्याचं वारं सुटलं. बीडला क्लासवाल्यांच्या बोर्डांवर पहिल्या आलेल्या पोरांचे हातभर रंगीत चेहरे झळकायला लागले. वडवणीतसुद्धा घरोघरी केबल आली. लोक माझ्याकडं येऊन विचारायचे, "कॉम्प्युटरवरचा फोटो काढता का?" दोन-चार गिऱ्हाइकं परत गेली तेव्हा मीही एक वापरलेला कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर आणला. पाटीवर 'डिजिटल' रंगवून घेतलं. खाली लिहिलं, 'जुने फोटो नव्यासारखे करून मिळतील'. आत डार्करूमचा वास तसाच, टेबलाला एक पाय लंगडा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

स्कॅनर म्हणजे काय, तर काचेवर फोटो पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, खालून दिवा सरकत जातो आणि फोटो टिंबाटिंबांनी कॉम्प्युटरात उतरतो. टिंबं जितकी दाट, तितकी फाईल मोठी आणि फोटो तितका खरा. अशी दाट फाईल ठेवली तर चिंचोक्याएवढा चेहरासुद्धा भिंतीवर लावण्याएवढा मोठा करता येतो. पण ती उघडायला माझ्या त्या म्हाताऱ्या मशीनला एवढा वेळ लागायचा की मी स्टँडवर जाऊन चहा पिऊन यायचो. फ्लॉपीत ती मावायची नाही. म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन फायली करायच्या. मोठी ठेवणीतली. छोटी दाखवायला, फ्लॉपीत घालून द्यायला.

हे मला बीडच्या स्टुडिओवाल्या शेखभाईंनी शिकवलं. त्यांच्याकडं मी आठ दिवस स्टूल टाकून बसलो होतो. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी मोठी सेव्ह करायची, मग तिची छोटी करायची, आन् छोटीला दुसरं नाव द्यायचं. नाव न बदलता सेव्ह मारलं की छोटी मोठीच्या उरावर बसती. ज्वारीचं पीठ होतं बे, पिठाची ज्वारी व्हत न्हाई." एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळा हातगुण.

सीडी करायचं मशीन तेव्हा वडवणीत नव्हतं, शेखभाईंकडं होतं. माझी हार्डडिस्क फायलींनी गच्च भरली की मी ती स्क्रू काढून सोडवायचो, टॉवेलात गुंडाळायचो आणि मांडीवर घेऊन बीडच्या गाडीत बसायचो. शेजारचा विचारायचा, "काय नेताव एवढं जपून?" मी म्हणायचो, "माणसं." त्यात खोटं काही नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका गावचे पुढारी एसटीच्या पासावरचा फोटो घेऊन आले, त्यावर गालभर शिक्का. म्हणाले, "निवडणूक हाय. शिक्का काढा, मिशी ठिवा, आन् ह्येचा दरवाज्याएवढा करा." मी सांगितलं, टिंबंच नाहीत तर दरवाज्याएवढा कुठून करू? ते म्हणाले, "कॉम्प्युटर हाय ना तुमच्याकडं?" केला. नाकाच्या जागी चौकोन चौकोन आले. पुढारी निवडूनही आले, म्हणून त्यांची तक्रार राहिली नाही.

दुसरं काम जड होतं. आमच्याकडं लिंगायत घरांत माणूस गेलं की त्याला बसवतात, भस्म लावतात, हार घालतात आणि नेण्याआधी फोटोवाल्याला बोलावतात. जुन्या बायांपैकी कितीतरी जणींचा तो आयुष्यातला पहिला फोटो असायचा आणि तोच शेवटचा. स्कॅनर आल्यावर लोक तेच फोटो घेऊन येऊ लागले आणि म्हणू लागले, "डोळे उघडून द्या." मी दिले उघडून. थोरल्या लेकाचे डोळे काढून मायला बसवायचे, भुवया जरा पातळ करायच्या. घरची माणसं बघून रडायची, म्हणायची, हुबेहूब. मला तेव्हा माझ्या हाताचा लई अभिमान वाटायचा.

ही सगळी प्रस्तावना झाली. आता महानंदाअक्का.

वडवणीच्या बाजारात आप्पांचं किराणा दुकान. महानंदाअक्का त्यांची धाकटी बहीण, तलवाड्याला दिलेली. पंचमीला आप्पा दर वर्षी मुराळी पाठवून तिला माहेरी आणायचे. स्वतः जमलं तर स्वतःच जायचे. आईबाप गेल्यावर बहिणीचं माहेर म्हणजे भाऊ, आणि आप्पा त्यात कमी पडत नव्हते. माणूस तुसडा, पण हाताचा सढळ.

एका वर्षी पंचमीच्या दुसऱ्या दिवशी अक्का सकाळीच स्टुडिओत आल्या. बाहेर श्रावणाची भुरभुर होती. इकडंतिकडं बघून त्यांनी पोलक्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो काढला.

"भाऊ, दुपारच्या आत पेटीत परत ठिवायचाय. आप्पा मालाला बीडला गेलाय, तीनच्या गाडीनं येतो. भावजयीनं किल्ली दिली."

फोटो आप्पांच्या लग्नातला, बीडच्या कुणा फोटोग्राफरनं काढलेला, काळा-पांढरा. निगेटिव्हचा पत्ता नाही. मधे नवरानवरी, मागच्या ओळीत कडेला त्यांची माय, डोक्यावरून पदर, थेट कॅमेऱ्यात बघणारी. मायचा दुसरा फोटो एकच, तो मीच काढलेला, भस्म लावलेला. तो आप्पांच्या दुकानात गादीच्या वर होता.

"सख्खी माय तुमची. चोरून कावून आणला?" मी विचारलं.

"सख्खी हाय म्हणूनच. आप्पा म्हणतो, लेकीनं लुगडं न्यावं, भांडं न्यावं, माय न्यायची न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "दुकानातली माय झोपलेली हाय, भाऊ. मला जागी पायजे."

फोटोवर पूजेच्या कुंकवाचे डाग होते. मी कापूस पाण्यात बुडवून, पिळून, मायच्या चेहऱ्यावरून हलकेच फिरवला. डाग गेले. काचेवर ठेवला, दाट टिंबांनी स्कॅन केला, मोठी फाईल सेव्ह केली. नियमानं सगळं ठीक चाललं होतं. अक्का म्हणाल्या, "मला बघू द्या की." मोठी फाईल पडद्यावर नीट हलेना, म्हणून ती छोटी केली. सगळं लग्न पडद्यावर मावलं. माय नखाएवढी. अक्कांनी त्या नखावर बोट ठेवलं.

तेवढ्यात लाईट गेली. टेबलाखालचा यूपीएसचा डबा टीं टीं करायला लागला. त्या डब्याची बॅटरी दोन मिनिटंसुद्धा टिकायची नाही, मशीन झटक्यात बंद पडायचं, म्हणून मी घाईघाईनं सेव्ह मारलं आणि कॉम्प्युटर बंद केला. नाव बदललं नाही.

ते मला तेव्हा कळलं नाही. मी खुशीत होतो. पावसानं भिजू नये म्हणून फोटो एका नव्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला आणि अक्कांच्या हातात दिला. ओल्या कापसानं पुसलेला फोटो पुरता वाळल्याशिवाय प्लास्टिकमध्ये घालू नये, हे माझ्यासारख्या डार्करूममध्ये वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं का? पण तीनची गाडी अक्कांच्या डोक्यावर होती आणि त्यांची घाई माझ्या हातात उतरली होती.

"बीडहून मोठा प्रिंट करून आणतो," मी म्हणालो, "दिवाळीला न्या. आता बिनघोर राहा, अक्का. माय कॉम्प्युटरात गेली, आता तिला कुणी काही करू शकत नाही." असली वाक्यं मला त्या काळात फार सुचायची.

पंधरा दिवसांनी डिस्क मांडीवर घेऊन बीडला गेलो. शेखभाई फायली सीडीवर चढवता चढवता थांबले. "ह्या लग्नाची मोठी कुठाय?" मी म्हणालो, असेल. शोधली, नव्हती. छोटीच मोठीच्या नावानं बसली होती. मी म्हटलं, काही बिघडलं नाही, मूळ फोटो पेटीत आहे, दिवाळीला बाई येईल तेव्हा परत आणायला सांगू. आणि विसरून गेलो. खरंच विसरलो, ह्याची आजही लाज वाटते.

दसऱ्याआधी आमच्याकडं साफसफाईला घरं काढतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पेट्या, सगळं अंगणात येतं. आप्पांच्या घरीही पेटी उघडली. भावजयीला पाकिटातला फोटो दिसला, ती ओढायला गेली तर निघेना. जोर लावला तेव्हा कागद हातात आला आणि चेहरे प्लास्टिकला चिकटून राहिले. माझा कापूस मायच्या तोंडावरून फिरला होता, त्यामुळं तिथला तर पापुद्राच निघाला. आप्पांना अजून कळलं नव्हतं. भावजयीनं पेटी लावून टाकली आणि तलवाड्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी तीन गाड्या बदलून अक्का आल्या, माहेरी न जाता सरळ माझ्याकडं. धाप लागली होती. "भाऊ, पेटीतला फोटो खराब झाला. ती मोठी कापी द्या तेवढी. आप्पा पेटी उघडायच्या आत ठिवून देते, फ्रेम करून. बोलला तर बोलला, पर माय तर राहील."

मी छोटी फाईल उघडली. चेहरा मोठा केला. मोठा केला की काय होणार हे मला ठाऊक होतं, तरी केला. चौकोन. करडे, पांढरे, काळे.

"ह्ये काय? फरशी बसवल्यावानी दिसायलंय," अक्का म्हणाल्या. "माय कुठाय?"

आता इथं मला खरं सांगता आलं असतं. चूक झाली, नाव बदलायचं राहिलं, ओला फोटो मीच प्लास्टिकात घातला. तीन वाक्यं. पण बाकावर पासपोर्ट फोटोसाठी आलेली दोन माणसं बसली होती, आणि बाहेर पाटी होती, 'जुने फोटो नव्यासारखे'. मी वेळ मारून नेली.

म्हणालो, "अक्का, तुम्ही पोलक्यात घालून आणला ना? घामानं तेव्हाच गेला होता तो. स्कॅनरवर घेतानाच चेहरा उठत नव्हता. मूळच गेलं, तिथं कॉम्प्युटर काय करणार?"

एवढं खोटं मी इतक्या गुळगुळीत आवाजात बोललो की बाकावरच्या माणसानं मान डोलावली.

अक्कांनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. "माझ्याच घामानं?" एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. मला वाटलं स्टँडवर जातील. त्या बाजाराकडं वळल्या.

मी मीठ आणायचं निमित्त करून मागं गेलो. आप्पा गादीवर बसले होते, समोर तीन-चार गिऱ्हाइकं. अक्का गिऱ्हाइकांना सारून पुढं गेल्या आणि गादीपाशी बसून आप्पांचे पाय धरले. "आप्पा, म्या नेलता फोटो. माझ्या घामानं माय पुसली. मला माफ कर." सगळ्यांसमोर. आप्पांना आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं. त्यांनी वर भिंतीकडं पाहिलं, डोळे मिटलेल्या मायकडं. मग पाय गादीवर ओढून घेतले आणि तागडीत गुळाचा खडा टाकला. "कुणाचं ऱ्हायलंय?" त्यांनी गिऱ्हाइकांना विचारलं.

मी तिथंच उभा होतो, पाच हातांवर. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी मीठ घेतलं आणि परत आलो.

पुढच्या पंचमीला तलवाड्याला मुराळी गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळीला बहिणीचं लुगडं माणसाच्या हाती पोचतं व्हायचं, आप्पा तेवढे नियमाचे, पण बोलावणं नाही. भावजय कधी स्टँडवर भेटली की म्हणायची, "अक्काला न्हाई आणलं यंदाबी," आणि माझ्याकडं अशी बघायची, जणू मी त्यातला परका माणूस.

एकदा आप्पा परवान्यासाठी फोटो काढायला आले. स्टुलावर बसले. मी धीर करून म्हटलं, "आप्पा, पंचमी आली. अक्कांना आणायचं ना? बाईमाणूस, तिची काय चूक." म्हणजे बघा, तेव्हाही मी चूक कुणाची हे बोललो नाही, नुसतं तिची नाही एवढंच म्हणालो. आप्पा कॅमेऱ्याकडं बघत बसले. "हनुवटी सरळ हाय का बघा," म्हणाले. मी बघितली. सरळ होती. फोटो काढला.

तेव्हापासून मी मोठी फाईल तीन ठिकाणी ठेवायला लागलो. दोन सीड्या माझ्याकडं, एक शेखभाईंकडं. नाव बदललं की नाही हे तीनदा बघायचो. गिऱ्हाईक कंटाळायचं. शेखभाई म्हणायचे, "आता लई शहाना झालास." शहाणपण आलं, पण ज्या कामासाठी यायला पाहिजे होतं ते काम होऊन गेलं होतं.

अशा सात पंचम्या गेल्या. आठव्या वर्षी उन्हाळ्यात आप्पा दुकानातच बसल्या जागी गेले. मला बोलावणं आलं. आप्पांना बसवलं होतं, भस्म, हार, सगळं. मी कॅमेरा लावला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अक्का आल्या, केस पांढरे झालेले, आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सात वर्षांनी त्या घराच्या उंबऱ्याशी. कुणीतरी म्हणालं, "अक्का, पुढं या, भावाजवळ बसा, फोटोत या." त्या हलल्या नाहीत. "आप्पानं बोलीवलं न्हाई," म्हणाल्या. मी बटण दाबलं. ते काम मी कसं केलं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी त्या स्टुडिओत आल्या. आप्पांचा फोटो मागायला. "ह्यो तरी नीट काढा मोठा," म्हणाल्या. "आता मी हात न्हाई लावीत. तुमीच फ्रेमात घालून द्या."

आता मी हात न्हाई लावीत, हे त्या अगदी साधेपणानं बोलल्या. सात वर्षं ती बाई आपल्या हातांना घाबरत जगली होती. माझ्यानं आणखी रेटवेना. मी शटर अर्धं खाली ओढलं, त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मोठी फाईल म्हणजे काय, छोटी म्हणजे काय. लाईट गेली तेव्हा मी काय दाबलं. ओला कापूस. प्लास्टिकचं पाकीट. घामाचं मी रचलेलं. दुकानात पाच हातांवर उभा होतो तेही सांगितलं. हात जोडले. म्हटलं, अक्का, काय शिक्षा द्यायची ती द्या.

मला वाटलं शिव्या देतील, रडतील. निदान उठून जातील.

"म्हंजी माझ्या घामानं न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, अक्का."

"मंग म्या आप्पाचे पाय कावून धरले?"

त्यांनी टेबलावरचा आप्पांचा फोटो पुढं ओढला, नीट हातात धरला आणि बराच वेळ बघत बसल्या.

"आन् आता ह्ये सांगू कुणाला, भाऊ?" त्या म्हणाल्या. "ज्येला सांगायचं त्यो तर गेला."